शालनचं उत्तर मीच दिलं

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मिलिंदचं लग्न, मग नातवंडं, मग माझेच गुडघे. खरं कारण एकच होतं. हे सांगितलं तर घरात माझ्याविषयी जे चांगलं मत आहे ते राहणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मिलिंदच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, सासूबाईंना पोटाचा कॅन्सर निघाला. आम्ही त्यांना भेटायला गेलो. मिलिंद त्यांच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "मामी, औषध अर्धवट सोडू नका. आमच्या आईनं सोडलं. हट्टी होती. सोडलं नसतं तर नातवंडं बघितली असती तिनं."

मी समोरच्या खुर्चीत होतो. खाली बघत राहिलो.

मिलिंदच्या आईनं, माझ्या शालननं, हट्टापायी जीव घालवला नाही. आमच्या माणसांत हे नक्की माहीत असलेला मी एकटाच आहे. मी ऐंशीच्या घरात आहे. माझ्याबरोबर हे गेलं तर शालन कायमची हट्टी ठरेल. म्हणून लिहायला बसलो. ज्यांच्या घरात आज असं आजारपण आहे, त्यांनाही यातून काही मिळालं तर मिळो.

तोंड लाल व्हायचं

आम्ही कऱ्हाटीचे. मी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात प्रयोगशाळेत होतो. गावोगावच्या दुधाचे नमुने घ्यायचे, फॅट लावायचं, आंबट-गोड बघायचं, पाणी घातलंय का ते शोधायचं. रोज मोटारसायकलवरून जायचो-यायचो. शालन घर आणि शेत बघायची. तिचं माहेर निमगाव केतकीचं. बोलण्यात कुणाला हार जायची नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. शालनला अधूनमधून परसाकडं लागायचं. पोटात कळ यायची. आणि एक विचित्र गोष्ट व्हायची. जेवता जेवता तिचा चेहरा आणि गळा एकदम तापायचा, लालभडक व्हायचा, आणि थोड्या वेळात जसाच्या तसा.

माझी भावजय तिला चिडवायची, "अगं, नवी नवरी हायस व्हय? भाकरी खाताना लाजतीस ती!"

"तुमच्या हातचं कालवण खाल्लं की लाज वाटतीच, जाऊबाई. एवढं मीठ!" शालन म्हणायची. सगळ्या हसायच्या.

गावातल्या डॉक्टरांनी आव म्हणून गोळ्या दिल्या. कुणी कुड्याच्या सालीचा काढा दिला. शेजारची एक म्हातारी म्हणाली, नजर लागली असेल, लिंबू उतरून टाकते. शालन म्हणाली, "मावशे, आमच्या सासऱ्यांनी छप्पन्न सालीच लिंबू घराबाहेर काढलंय. आता त्येला आत घेतलं तर म्हातारा उठून येईल." आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून देवऋषी आमच्या उंबऱ्याला शिवला नव्हता.

अशी दोनेक वर्षं गेली. आव म्हणून गोळ्या घेण्यात आमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो आजारच लाखात एखाद्याला होणारा होता. चुकलं ते पुढं.

ज्या दिवशी कळलं

एका दुपारी तिच्या पोटात अशी कळ आली की ती उभी राहीना. जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. आतडं बंद झालंय म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं. लहान आतड्यात गाठ निघाली. गाठीचा तुकडा तपासायला पुण्याला पाठवला.

निकाल आला त्या दिवशी शालनचे थोरले भाऊ किसनराव निमगावहून आले होते. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर व्हरांड्यात घेतलं. आतड्याचा कॅन्सर आहे, पण नेहमीचा नाही, फार क्वचित दिसणारा आहे, हळू वाढतो, पण काळजापर्यंत, म्हणजे यकृतापर्यंत पोचलाय, असं त्यांनी सांगितलं. चेहरा लाल होणं, जुलाब, सगळं त्याचंच होतं.

मग त्यांनी विचारलं, "बाईंना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

किसनराव लगेच म्हणाले, "कुणी बी सांगायचं न्हाय. कानावर पडलं तर धसक्यानंच जाईल ती."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या काळी आमच्याकडं ही रीतच होती. त्या रोगाचं नाव पेशंटसमोर घ्यायचं नाही. घरातल्या सगळ्यांना माहीत, गल्लीला माहीत, फक्त ज्याच्या अंगात रोग आहे त्याला माहीत नाही. यात कुणाला काही वाईट वाटत नसे. मायाच समजायचे सगळे. मीही समजलो.

आत गेलो तर शालन जागी होती.

"काय म्हनले?"

"आतड्याला पीळ पडला हुता. काढला."

"मग दादा रडतोय कशापायी?"

किसनराव दाराशी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मी म्हणालो, "त्येला रगत बघून कससं होतंय."

"एवढा मोठा बाप्या," शालन म्हणाली आणि टाके दुखतील म्हणून हळूच हसली.

पुण्याची डॉक्टरीणबाई

बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथं एक नवीन औषध काही रोग्यांना देऊन बघत होते. आज अशा उपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात, पेपरात त्याच्या बातम्या येतात. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. आपल्या अंगातली रोगाशी झगडणारी जी शक्ती आहे तिलाच जागं करून गाठीवर सोडायचं, असं काहीतरी ते होतं.

तिथली डॉक्टरीणबाई दक्षिणेकडची होती. तरुण, बारीक, चष्मा लावलेली. तिला मराठी येत नव्हतं. मला नोकरीमुळं इंग्रजी समजायचं. शालनला आमची बोली सोडून काही येत नव्हतं.

बाईंनी खुर्ची ओढून शालनच्या समोर घेतली. माझ्याकडं नाही, तिच्याकडं बघून त्या बोलायला लागल्या. मधेमधे थांबून मला म्हणायच्या, हे त्यांना सांगा.

त्या म्हणाल्या, तुम्हाला आतड्याचा कॅन्सर आहे. तो पूर्ण बरा करणारं औषध आमच्याकडं नाही.

त्या म्हणाल्या, हे औषध आम्ही तपासून बघतोय. कुणाला उपयोग होतो, कुणाला होत नाही. तुम्हाला होईल का, मी सांगू शकत नाही.

त्या म्हणाल्या, सुई घेतली की ताप येईल, थंडी वाजेल, मन उदास होईल. काहींना ते सोसत नाही.

आणि त्या म्हणाल्या, हे मला आजही शब्दाशब्दानं आठवतं, घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. सुरू केलं तरी ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी थांबवा. कुणी रागावणार नाही. मी दुसरे उपचार करतच राहीन.

शालन माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणालो, "ताकदीची सुई हाय. आतडं भरून यायला. थोडा ताप येईल म्हनत्यात. आन एक बी सुई चुकवायची न्हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

"त्या तर केवढा येळ बोलल्या."

"इंग्रजीला येळ लागतो," मी म्हणालो.

शालन हसली. तिला हसताना बघून डॉक्टरीणबाईही हसल्या. त्यांना वाटलं, बाईला सगळं कळलं आणि तरी ती हसतेय, केवढी धीराची. त्यांनी विचारलं, तयार आहेत का? मी शालनला विचारलंसुद्धा नाही. म्हणालो, हो, तयार आहे.

रात्रीच्या वर्गात शिकलेली सही शालननं जोर लावून केली.

आमच्याकडं बाईला डॉक्टरकडं नेलं की कुठं दुखतं हे नवराच सांगतो. किती दिवसांपासून, तेही नवराच सांगतो. बाई पदर नीट करून बसते. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मी सारा जन्म दुधाचे नमुने घेतले. कॅनमध्ये पळी घालायची, ढवळायचं, बाटलीत भरायचं. दुधाला कुणी विचारत नाही. पण समोर माणूस बसलं होतं, आणि ती परक्या मुलखातली पोर त्या माणसाला विचारत होती. मधे मी होतो.

सुया

आठवड्यातून तीनदा सुई. कुपी थंड ठेवायला लागायची. आमच्याकडं वीज केव्हा जाईल भरवसा नव्हता, म्हणून मी दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये ठेवायचो. सुईच्या दिवशी एक कुपी थर्मासात घालून घरी आणायची. सुई टोचायला मी रुग्णालयातल्या सिस्टरकडून शिकलो. दंडावर किंवा मांडीवर, कातडी चिमटीत धरून.

दिवेलागणीला सुई दिली की जेवणं उरकेपर्यंत तिला हुडहुडी भरायची. दात वाजायचे. घरातल्या सगळ्या वाकळा अंगावर घातली तरी खाट हलायची. मग ताप. दुसऱ्या दिवशी अंग ठणकायचं. जरा सावरली की पुढची सुई.

पहिले काही महिने औषध लागू पडलं, हेही खरं सांगायला पाहिजे. चेहरा लाल व्हायचा थांबला. जुलाब कमी झाले. एकदा तिनं मेथीच्या भाजीबरोबर अख्खी भाकरी खाल्ली. मी मनात म्हणालो, बघ, बरं केलं मी.

पण एक गोष्ट गेली. तिचं बोलणं गेलं. भावजय येऊन बसायची, मुद्दाम टोचून बोलायची. शालन नुसतं "व्हय" म्हणायची. भिंतीला टेकून दाराबाहेर बघत राहायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मन उदास होईल. मला माहीत होतं ते का होतंय. तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं तिचंच काहीतरी बिनसलंय.

"मला काय झालंय वो?" तिनं एकदा विचारलं. "पाटातलं पानी बघितलं तरी रडू येतंय."

"आजारपणात हुतंय तसं," मी म्हणालो.

मग ती सुईला नको म्हणायला लागली.

"आज ऱ्हाऊ द्या की. एक दिस."

"डॉक्टरनी सांगितलंय, चुकवायची न्हाय."

"त्यास्नी म्हनावं, लई त्रास हुतोय. त्या बाईमानूस हायेत, ऐकतील."

"असं मनावर चालत न्हाय औषध."

एका संध्याकाळी तिनं दंड पदरात गुंडाळून घेतला आणि सोडेना. मी तो सोडवला. जोर लावून धरला आणि सुई दिली. तिनं आवाज केला नाही. दंडावर माझ्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. मिलिंद तेव्हा बारामतीला कॉलेजात होता, वसतिगृहावर राहायचा. हे त्यानं बघितलं नाही. त्यानं बघितलं ते एवढंच की आप्पा आईचं किती करतात.

गावातही माझं नाव झालं. "बायकोसाठी सुई टोचायला शिकला गडी," असं लोक म्हणायचे.

चांगली माणसंही भेटली त्या दिवसांत. बारामती-पुणे एसटीचा एक कंडक्टर आम्हाला ओळखायला लागला होता. दाराजवळची सीट तो शालनसाठी धरून ठेवायचा. तिला मधेच उतरायला लागलं तर घंटी मारून गाडी थांबवायचा. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "तुमच्या घरात आयाबहिनी न्हाईत का? बसा गप." शालन परत चढेपर्यंत तो खाली पाठ करून उभा राहायचा.

हिराबाई

महिन्यातून एकदा पुण्याला जायचं, रक्त द्यायचं, डॉक्टरीणबाईंना भेटायचं. तिथं बाकावर एक हिराबाई भेटायची. इंदापूरकडची, पानमळ्यात काम केलेली, पानानं ओठ रंगलेली. तिला मूत्रपिंडाची गाठ होती, पण सुई हीच. शालनचं माहेर तिच्याच बाजूचं, म्हणून दोघींचं जमलं. त्या उदासीतही हिराबाईशी शालन चार शब्द बोलायची.

एका खेपेला मी दोघींना बाकावर बसवून चहा आणायला गेलो. परत आलो तर त्या बोलत होत्या. मी खांबाच्या अलीकडं थांबलो.

"म्या तर बंद करनार हाय आता," हिराबाई म्हणत होती. "लई सोसलं."

"बंद करता येतं?" शालननं विचारलं.

"अवं, करता येतं म्हंजी? आपल्याच मर्जीवर हाय की. ह्ये औषध आपल्यावर करून बघत्यात. लागलं तर लागलं. माझी सून सिस्टर हाय, तिनं बाईचं सगळं मराठीत करून सांगितलं मला. नको वाटलं त्या दिवशी सोडा म्हनल्या. तुमाला न्हाय सांगितलं?"

मग शालननं विचारलं, "आन ह्यो आपला रोग, त्येला काय म्हनत्यात?"

हिराबाईच्या ध्यानात आलं असावं. हळू आवाजात म्हणाली, "तुमाला ठाव न्हाय, बाई?"

"हाय की," शालन म्हणाली. "मालकांनी सगळं सांगितलंय. असंच इचारलं."

माझ्या हातात दोन कप होते. मी तसाच मागं फिरलो आणि चहा मोरीत ओतला. परक्या बाईसमोर तिनं माझी लाज राखली होती. त्या क्षणी जाऊन तिच्यासमोर बसायला हवं होतं. मी पुन्हा रांगेत उभा राहिलो आणि दुसरा चहा घेतला.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. नवा फोटो काढला होता. यकृतातल्या गाठी वाढल्या होत्या. त्या म्हणाल्या, औषधाचा उपयोग आता होत नाही. सुया बंद करू. पुढं चालू ठेवून फक्त त्रास होईल. दुखणं कमी ठेवायला मी गोळ्या देते.

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, हे त्यांना नीट सांगा. काही पेशंटना वाटतं, आपण कमी पडलो. त्यांना सांगा, तुम्ही कमी पडला नाहीत, औषध कमी पडलं.

एसटीत शालन खिडकीशी बसली. जेजुरी गेली, मोरगाव गेलं. तिनं मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही.

माझं एक वाक्य

दुसऱ्या दिवशी किसनराव आले होते. मिलिंदही सुट्टीला आला होता. मी सगळ्यांसमोर सांगायचं ठरवत होतो, शब्द जुळवत होतो. तेवढ्यात शालनच म्हणाली, "आजपासनं सुई न्हाय घ्यायची मी."

किसनराव ताडकन उठले. "म्हंजी? औषध सोडून मरतीस व्हय?"

"दादा, दमले मी."

"दमले म्हनं! दाजींनी नोकरी सांभाळून रक्ताचं पानी केलं तुझ्यापायी. त्यांचा तरी इचार कर."

मिलिंद तिच्या पायाशी बसला. "आई, माझ्यासाठी घे गं."

शालननं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काय म्हणतो ते बघत होती.

एकच वाक्य पुरेसं होतं. डॉक्टरांनीच बंद केलंय. ते बोललो असतो तर किसनराव खाली बसले असते, मिलिंद रडला असता, आणि शालनवर काहीही आलं नसतं. पण ते बोलायचं तर पुढचंही बोलायला लागणार होतं. का बंद केलं, रोग कुठला, तिला आधी काय सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला हात अडतोय. मला न विचारता तिनं ठरवलं, याचा मला राग आला होता.

मी म्हणालो, "मी बी तेच सांगतोय तिला. ऐकत न्हाय."

शालननं मान खाली घातली. तिला माहीत नव्हतं की सुया आदल्याच दिवशी बंद झाल्या आहेत. तिच्या लेखी तिनं स्वतः जगायचं नाकारलं होतं, आणि ते ओझं तिनं सगळ्यांसमोर उचललं. माझं नाव तिनं त्याही वेळी मधे आणलं नाही.

किसनराव जेवायला थांबले नाहीत. त्यानंतर ती जाईपर्यंत ते आले नाहीत. निमगावच्या बाजाराची विड्याची पानं ते दर आठवड्याला धाडायचे, तीही यायची बंद झाली. मिलिंद आठवड्याला यायचा, पण आईजवळ बसला की एकच विषय काढायचा. मग तोही गप्प राहायला लागला.

सुया थांबल्यावर

सुया थांबल्या आणि थोड्या दिवसांत शालनचं बोलणं परत आलं. अंगात ताकद नव्हती, पण जीभ पहिल्यासारखी झाली.

भावजय पेज घेऊन आली. शालननं चमचाभर चाखली आणि म्हणाली, "जाऊबाई, आता तर मीठच न्हाय. मी मरायच्या आधी एकदा तरी मधलं काहीतरी करा की."

भावजय हसता हसता रडायला लागली. तिला सोडून सगळे शालनवर रुसलेले होते, आणि शालन सगळ्यांना हसवत होती. सकाळी उन्हाला बसायची, वंदना म्हणायची, कोंबड्यांना शिव्या द्यायची. ते दीड-दोन महिने तिला मिळाले ते सुया थांबल्यामुळं मिळाले. मला वाटतं, त्याही आधी मिळाले असते. मी बाईंचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं असतं तर तिनं कदाचित सुई घेऊनही बघितली असती, आणि नको झाली त्या दिवशी सोडली असती. तिचं तिनं ठरवलं असतं. मी प्रेमापोटी लपवलं असं म्हणायला मला कुणी अडवणार नाही. पण दंडावरचे वळ प्रेमाचे नव्हते.

म्हणून ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांना हात जोडून एवढंच सांगतो. ज्याचा आजार आहे त्याला विचारा. तो धसक्यानं जाईल ही भीती बहुतेक वेळा आपलीच असते.

शालन गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेला, आमच्याकडं रीत असते, जवळची माणसं उभी राहून दोन शब्द बोलतात. किसनराव उभे राहिले. म्हणाले, "आमची शालन शेवटाला धीर सोडून बसली. ऐकलं असतं तर आज आपल्यात असती. दाजींनी काय कमी केलं न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. नंतर माझी पाळी होती. मी हात जोडले आणि बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही.

किसनराव तसंच समजून हे जग सोडून गेले. बहिणीवरचा रुसवा त्यांनी शेवटपर्यंत धरला, आणि त्यापायी स्वतःलाही खात राहिले. त्यांना मी सांगू शकलो नाही. मिलिंद, तू हे वाचशील. मामींजवळ बसून जे बोललास ते पुन्हा बोलू नकोस. तुझी आई हट्टी नव्हती. हट्टी मी होतो.

ती दुपार

ती जायच्या काही दिवस आधीची गोष्ट. घरात आम्ही दोघंच होतो. तिला उशीला टेकवून बसवलं होतं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. तो बंद झाला तेव्हा ती म्हणाली,

"एक इचारू?"

"इचार."

"सुया घेतल्या असत्या तर वाचले असते का वो मी?"

ती माझी परीक्षा बघत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. ती विचारत होती, कारण मिलिंद रुसला होता, भाऊ येत नव्हता, आणि जाण्याआधी तिला कळून घ्यायचं होतं की आपण आपल्या लेकराचं नुकसान केलं का. उत्तर फक्त माझ्याकडं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते मला तिच्यासाठीच दिलं होतं.

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. म्हणालो, "आता कशाला त्येचा इचार करतीस?"

तिनं "व्हय" म्हटलं आणि डोळे मिटले. पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या दुपारी जे बोलायचं होतं ते आज लिहितो. तिला वाचता येणार नाही, हे मला कळतं.

न्हाय, शालन. वाचली नसतीस. सुया तू सोडल्या न्हाईस, त्या बाईंनीच आदल्या दिवशी बंद केल्या हुत्या. तू कुठंच कमी पडली न्हाईस. तुला कॅन्सर हुता, आन ते मला पहिल्या दिवसापासनं ठाव हुतं. बाईंनी तुला इचारलं हुतं, आन तुझं उत्तर मी दिलं. तुझा दंड धरला. सगळ्यांसमोर तुझ्यावर आलं तवा खोटं बोललो. माझं चुकलं, शालन. मला माफ कर.